आसराचं पाणी लाल आलं तवा

तांब्या झऱ्यात बुडवला आन् वर काढला तर पाणी लाल. लाल म्हंजे कुंकवासारखं न्हाई, मुरमासारखं, आन् बोटात घेतलं तर कचकच लागलं. पोरगी मांडीवर, सव्वा महिन्याची, टोपडं माझ्या घामानं भिजलेलं, पाठीमागं तलावाची भिंत, भिंतीच्या पल्याड काठोकाठ पाणी, आन् माझ्याभवती सात-आठ बाया हात जोडून म्हणून राहिल्या, "आसराआईनं कुंकू घेतलं गं! आईनं कुंकू घेतलं!" माझी सासू सगळ्यात पुढं. तिच्या डोळ्यात पाणी. मी म्हणलं, "आत्याबाई, ही माती हाय." तर ती दात दाबून म्हणली, "गप. बाळंतीण हायेस, तोंडातून वंगाळ काढू नको. वटी भर."

आन् मी वटी भरली. खण ठेवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, घुगऱ्या वाटल्या. त्याचाच अजून राग येतो मला, दुसऱ्याचा न्हाई, माझाच.

त्याला साल झालं, आता पुन्ना तेच दिवस आलेत. सोयाबीनच्या शेंगा भरून राहिल्यात, गोधड्या वाळत न्हाईत, घरात सगळीकडं ओला वास, हळदीची पानं माझ्या खांद्याला लागायलीत. पोळा जवळ आला की लोकायला बैलाच्या झुली आठवतात, मला ओव्याचा धूर आठवतो, खाटेखालची शेगडी आठवते, पोरीच्या टाळूचा तेलकट वास आठवतो, आन् त्याच्या मागं लगेच ती कचकच. बोटात. आजबी भाजी धुताना माती लागली की मी हात झटकते.

गावाचं नाव सांगत न्हाई. सांगितलं तर घरात अजून एक भांडण. सेनगाव तालुक्यातलं हाय एवढं बस. गाव म्हंजे भिंतीच्या बराबर खाली. भिंतीवर उभं राहून कोणी खडा मारला तर आमच्या पत्र्यावर टण्ण वाजतो. तलाव माझ्या सासूच्या लग्नाच्या आगोदरचा. मातीची भिंत, वरून मुरूम, पाण्याच्या बाजूनं दगडं लावलेले. व्हते. आता दगडं गावात हायेत. कोणाच्या घराच्या पायात, कोणाच्या गोठ्यात. आमच्या न्हाणीत कपडे धुवायचा जो दगड हाय तो बी तिथलाच, सासूनं डोक्यावर आणलेला, अजून कौतिकानं सांगती. "मी पोटुशी व्हते तवा आणला," म्हणती. मी काय बोलू? मीच रोज त्याच्यावर लंगोट आपटते.

भिंतीवर बाभळी वाढल्या, येवढाल्या, त्याच्या मुळ्या आत कुठं गेल्या कोणाला ठाऊक. घुशीनं बिळं पाडली. पाणी सोडायच्या खालच्या गेटाचं चाक गंजून गच्च बसलं, ते फिरवणारा माणूस रिटायर झाला, दुसरा आलाच न्हाई. त्याच्या खोलीत आता कडबा हाय. पण बोर्ड हाय बरं का. नवाकोरा. 'येथे पोहू नये.' म्हंजे तलाव आमच्या अंगावर आला तर आमी त्यात पोहायचं न्हाई.

आन् भिंतीच्या पायथ्याला हा झरा. उन्हाळ्यात सगळ्या हिरी कोरड्या पडतात तवाबी झरतो. गोड पाणी. मी लग्न होऊन आले तवा पहिल्या दिवशी जावेनं तिथंच नेलं, म्हणली, "ही आपली आसरा. हिच्या जिवावर गाव हाय." पाण्यातल्या सात देव्या म्हणून सात दगडं, शेंदूर लावलेले, बाजूला बांगड्याचा ढीग, हिरव्या खणाच्या चिंध्या. बाळंतिणीला सव्वा महिना झाला की तिथंच पाणी पुजायचं, तवर तिनं घरातल्या रांजणाला हात लावायचा न्हाई. मी हात जोडले. पण माझा बा कालव्याच्या पाटावर रोजंदारीनं राबलेला माणूस. लहानपणी त्याच्या मागं मागं पाटानं चालत मी डबा न्यायची. तो मला सांगायचा, भिंतीच्या पायाला पाणी झरतच असतं, भिऊ नको, नितळ हाय तवर झरू दे. गढूळ झालं की समज, आतून माती निघून चालली. शाळेतलं मला काहीच आठवत न्हाई, आठवीत सुटली शाळा, पण हे आठवतं. म्हणून मी आसराच्या पाया पडले तवा मनात म्हणलं, माय, तू देवी अस न्हाईतर गळती अस, नितळ राह्य.

ती राहिली न्हाई.

त्या दिवशी वटी झाली, बाया गाणं म्हणत घराकडं निघाल्या, डोक्यावर कळशी घेऊन मी पुढं चालायचं तर मीच मागं राहिले आन् माहेरी साखऱ्याला बाला फोन लावला. त्याला दमा. पहिले खोकलाच ऐकू आला.

"बा, भिंतीखालचं पाणी लाल येऊन राहिलं."

"गिलासात धर. दोन मिनटं हलवू नको. खाली काय बसलं?"

गिलास कुठला, तांब्याच व्हता. धरला. पोरगी रडून राहिली, दूध गळून झंपर ओला, आन् मी तांब्यात बगत बसले. खाली बोटभर गाळ.

"बोटभर, बा."

खोकला थांबला त्याचा. तेच लई वाईट वाटलं. "सांडव्यावर पोते टाकले का तुमच्यावाल्यानं?"

टाकले व्हते. हे बी सांगते. सांडवा म्हंजे भिंतीच्या कडंला ठेवलेली खालची वाट, तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून नाल्यात निघून जातं. पण दर साली आमचे माणसं तिथं वाळूचे पोते लावतात, दोन थर, कधी तीन. म्हंजे हातभर पाणी जास्ती अडतं आन् हळदीला पाण्याच्या दोन पाळ्या जास्ती भेटतात. कोणी चोरून करत न्हाई. नारळ फोडून करतात. पोरीचा बाप पोते भरण्यात सगळ्याच्या पुढं, त्याची पाठ दोन दिवस दुखती, मीच तेल लावते.

"लेकी, पोते काढा म्हणावं आन् वरच्या माळावर निघा. काहून उभी हायेस? निघ!"

मी पळाले. चपला तिथंच. गावात आले तर बापे माणसं सगळे रानात, पारावर दोन म्हातारे, त्यांना सांगितलं तर एक म्हणतो, "कोणाची सून हायेस गं?" मारुतीच्या देवळात भजनाचा माईक हाय पण पुजलेली कळशी घरात गेली न्हाई तवर बाळंतिणीनं देवळाची पायरी चढायची कशी, पुजाऱ्यानं आतूनच हात केला, तिथंच थांब म्हणून. मी ओरडून सांगत व्हते, "तलाव फुटायला आला!" आन् तो म्हणतो, "हो हो, पण तिथंच थांब."

तवा मेहरून चाची दिसली. चाची आमच्या शेजारची, मनियार, बांगड्याची टोपली घेऊन गावोगाव हिंडती. आसराला बांगड्या तिच्याच असतात, आसराच्या बांगड्या देताना टोपलीतल्या सगळ्यात चांगल्या काढती. तिच्यापाशी बाटरीवरचा भोंगा. मी काही बोलायच्या आगोदर तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं आन् म्हणली, "क्या हुआ बेटी? सांस तर घे." मी सांगितलं. तिनं विचारलं न्हाई खरं का खोटं. भोंगा हातात दिला. "तू बोल. मी बोलले तर लोक दुसराच वाद काढतील."

बटण कुठलं ते मला काय ठाऊक. दाबलं तर चाचीचाच आवाज, "बांगड्या भरा वो बांगड्या! हिरव्या, लाल, लग्नाच्या, सणाच्या!" साऱ्या गल्लीतून बाया दाराशी आल्या. एकजण म्हणली, "लहान मापाच्या हायेत का?" मी रडत रडत दुसरं बटण दाबलं आन् ओरडले. काय ओरडले ते आठवत न्हाई. लोक म्हणतात मी म्हणले, "फुटला, फुटला, पळा." मी 'फुटायला आला' म्हणले का 'फुटला' म्हणले, यावर अजूनबी पारावर वाद चालतो. मीबी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई.

पळाले सगळे. म्हशी सोडल्या, कोणी गॅसची टाकी उचलली, एकीनं चुलीवरची भाजी तशीच कढईसगट. रानातले बापे वरडत आले. माळावर उभं राहून बगतो तर तलाव तसाच. चमकून राहिलेला. बगळे बसलेले. मला एक घडीभर वाटलं, फुट बाबा. खरंच वाटलं. लाज वाटती सांगायला, पण पाचशे डोळे तुमच्याकडं बगायला लागले की काय वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तरी पोरीच्या बापानं आन् अजून दहा-बारा जणांनी भीतीभीतीनं जाऊन पोते काढले. एवढं ऐकलं त्यांनी माझं. पाणी नाल्यात धाडधाड निघालं, तलाव हळूहळू हातभर उतरला, आन् दुसऱ्या दिवशी झरा नितळ. तांब्यात बगितलं, काही बसलं न्हाई. मी तिथंच खाली बसून रडले.

आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय काढायचा? मी काढला की पोते काढले म्हणून वाचलो. गावानं काढला की काही व्हणारच नव्हतं, ह्या बाईनं उगं पाणी वाया घालवलं. फाल्गुनात हळदीला पाणी पुरलं न्हाई. कंद बोटायेवढे राहिले. पोरीच्या बापानं एक कंद उचलून माझ्यापुढं ठेवला आन् बाहेर गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं व्हतं.

आन् मंजुळा म्हातारी. ती त्या दिवशी माळ चढताना पडली, कंबर मोडली, तवापासून खाटेवर. तिच्या दारावरून पाणी आणाय जावं लागतं मला. रोज हाक मारती. "ए भोंगेवाले! पळवलीस ना मला? जन्मात नवऱ्यामागं पळाले न्हाई, तुझ्या पायी पळाले." हसती. मीबी हसते. मग घरी येऊन भांडे आपटते. कधी तिच्या पायाला तेल लावून देते तर म्हणती, "लाव लाव. पण यंदा वरडायचं असलं तर चार माणसं आगोदर ठरव, मला खाटेसगट उचलाय."

मधे पाटबंधाऱ्याचा साहेब बी आला व्हता. गावानं न्हाई बोलवला, मीच बाच्या हातून अर्ज पाठवलेला. जीपमधून उतरला, भिंतीवर उभं राहून मोबाईलमधे फोटो काढले, पांढरे बूट व्हते म्हणून खाली चिखलात येईना. मीच वर गेले पोरीला कडंवर घेऊन. "साहेब, लाल पाणी आलतं. बोटभर गाळ."

"बाई, मातीचा प्रत्येक तलाव थोडाफार झिरपतोच. घाबरायचं कारण नाही."

"झिरपणं मला ठाऊक हाय साहेब. मी गढूळाचं बोलून राहिले."

"आता आहे का गढूळ?"

"आता न्हाई."

"मग?"

तो खाली उतरला शेवटी, आसराचे दगडं दिसले म्हणून. बूट काढले, नारळ फोडला, पाया पडला आन् गेला. देवीसाठी बूट निघाले.

आन् गावानं काय केलं? ह्याच्यावर तर मला डोकं आपटून घ्यावं वाटतं. आसरानं कुंकू घेतलं म्हणून गावाला हुरूप आला. उन्हाळ्यात झऱ्याभवती शिमिटाचा ओटा बांधला. फरशी बसवली, वर छत्री, झऱ्याचं तोंड गच्च बुजवून त्याला नळाची तोटी. तोटी! बाला फोनवर सांगितलं तर त्यानं तेच दोनदा विचारलं. मग म्हणला, "तोंड बांधलं की पाणी काय घरी जाऊन बसतं का लेकी? दुसरीकडून निघन." म्हणला, बुजवायचं नसतं, वाळू, मग बारीक खडी, मग दगड असं रचायचं, म्हंजे पाणी येतं आन् माती आतच राहती. मी हे पारावर सांगितलं. एकजण म्हणला, "घ्या, आता आसराचं घर कसं बांधायचं ते बी ही शिकवती."

निघालं दुसरीकडून. ओट्यापासून दहा पावलावर, म्हशी लोळतात त्या खळगीत. आता आसराच्या तोटीला थेंब थेंब, नितळ, आन् खळगीत बुडबुडे. तिथं देव न्हाई म्हणून तिकडं कोणी बगत न्हाई. मी रोज बगते. पोरगी आता चालती, बोट धरून येती, म्हशीला 'हंबा' म्हणती, खाली वाकून बुडबुड्यावर हात मारती. परवा तिनं ओला हात माझ्या साडीला पुसला. लालसर डाग, मातीचा.

सांडव्यावर पोते पडलेत. यंदा तीन थर. गेल्या सालचं भरून काढायचं हाय ना. काल भर दुपारी, बापे फवारणीला गेलेले, पोरीला मंजुळा म्हातारीच्या खाटेवर बसवलं आन् मी सांडव्यावर गेले. एक पोतं ओढलं. भिजलेल्या वाळूचं वजन काय असतं ते तवा कळलं. दुसरं ओढलं. तिसरं ओढताना पाय घसरला, गुडघा फुटला, पण पाणी चालू झालं, हातभर रुंदीची धार. तिच्याकडं बगून मला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घ्यावा वाटला.

सांजच्याला पोरीचा बाप आला. चिखलानं भरलेला. तीन पोते परत लावून आलेला.

"तूच व्हतीस ना?"

"व्हय."

"कोणाला सांगितलं न्हाई मी. गुरानं पाडले म्हणलं." मग पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या पायातले वाळे नीट केले. "मला काय पोरीची काळजी न्हाई वाटती का तुला? मीबी ह्याच पत्र्याखाली झोपतो. पण सलग दोन साल हळद गेली तर हिला काय खाऊ घालू? फुटायचा असता तर मागंच फुटला असता."

"पोते काढले म्हणून न्हाई फुटला."

"ते तू म्हणती."

"व्हय. मी म्हणते."

सासू आतून म्हणली, "यंदा हिनं तोंड उघडलं तर हिला साखऱ्याला पोचती करा." पोरीचा बाप पोरीचे वाळेच फिरवत राहिला. मला काय वाटतं, त्यालाबी भीती वाटती. लई वाटती. म्हणूनच तो भिंतीकडं बगत न्हाई. सगळं गावच तसं हाय, भित्रं न्हाई, भ्यायला फुरसत नसलेलं.

आज सकाळी खळगीतलं पाणी गिलासात धरलं, चुलीमागं ठेवलं, पोळ्या होईस्तोवर हलवलं न्हाई. अर्धं बोट बसलं. बोटभर न्हाई, अर्धं. अर्ध्या बोटाला काय म्हणायचं ते बानं सांगितलेलं न्हाई. फोन लावला तर दम्यानं त्याला बोलवेना, नुसता श्वास ऐकू आला. बाहेर आभाळ काळं झालंय, शेजारच्या मोबाईलवर दोन दिवस मोठा पाऊस सांगून राहिलेत. चाची दोनदा दारावरून गेली, माझ्याकडं बगत बगत.

वरडले आन् काही झालं न्हाई तर परत कधी कोणी माझं ऐकणार न्हाई, तवा खरंच फुटला तरी. न्हाई वरडले आन् झालं, तर... ते मी लिहीत न्हाई. एकटीच पोरीला घेऊन साखऱ्याला निघून जावं तर एस्टी दीड वाजता हाय. जीव वाचन आमचा. पण मंजुळा म्हातारी आत्ताच हाक मारून राहिली की पाणी दे गं, आन् पोरीचा बाप भिंतीखालच्या वावरात हळदीला माती लावून राहिला, पाठ इकडं करून, इथून दिसतो.

तुमी शिकलेले लोक हाव, चार गावं बगितलेले. अर्धं बोट गाळ, एक वाजत आलाय, कडंवर लेकरू. खरं सांगा, तुमी काय केलं असतं?